किल्ल्यांच्या साइटवर वाचक येतो आणि लगेच जातो : थीम बदलण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही चार वर्षं सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर मराठीत लिहिताय. स्वतःची साइट आहे, शंभरच्या आसपास लेख आहेत. वाचक बहुतेक गूगलवरून येतात आणि आल्या पावली परत जातात. बाउन्स रेट, म्हणजे आल्या आल्या निघून जाणाऱ्यांचं प्रमाण, ६४ टक्के दिसतोय. पहिली छापच पडत नाही असं तुमचं म्हणणं, म्हणून विकतची थीम (साइटचं रूप ठरवणारा तयार साचा), नवा लोगो आणि मुख्य पानावर ड्रोनचा व्हिडिओ असा बेत आहे. पंधरा-वीस हजार खर्च येतोय, तर करावा का?

करू नका. निदान आत्ता तरी नको. मराठी मजकुराच्या साइटी उभ्या करणं, बिघडलेल्या दुरुस्त करणं आणि जमेल तिथे त्यातला मजकूर हातावेगळा करून देणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे थीम विकून दोन पैसे मिळाले तर मला हवेच असतात. पण तुम्ही टाकलेले दोन स्क्रीनशॉट, एक मुख्य पानाचा आणि एक राजगडच्या लेखाचा, बघितले. दुखणं थीमचं वाटत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. पहिली छाप पडते ती वाचक ज्या पानावर उतरतो त्या पानाची. 'राजगड गुंजवणे वाट' असं शोधणारा थेट राजगडच्या लेखावर येतो. ट्रेकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी दुवा टाकला तर तोही लेखाचाच असतो. मुख्य पान बघतं कोण? तुम्ही, तुमचे मित्र आणि थीम विकणारा. वाड्याच्या दिंडी दरवाज्याला तोरण बांधून तुम्ही वाट बघत उभे आहात आणि पाहुणे परसदारातून येऊन, घरात कुणी दिसत नाही म्हणून निघून चाललेत, असा हा प्रकार आहे. गूगल अॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरची ये-जा मोजणाऱ्या गूगलच्या साधनात, 'लँडिंग पेज' नावाचा अहवाल असतो, तो उघडा. माझा अंदाज असा की पहिल्या वीस पानांवरच बहुतेक सगळी गर्दी असेल आणि त्यात मुख्य पानाचा वाटा किरकोळ असेल. ड्रोनचा व्हिडिओ त्या किरकोळ लोकांसाठी.

त्या ६४ टक्क्यांचंही जरा बघू. जुन्या अॅनालिटिक्समध्ये, म्हणजे १ जुलै २०२३ ला जे बंद झालं त्यात, एकच पान वाचून कुणी गेला की तो बाउन्स. मग त्याने अर्धा तास बसून अख्खा लेख वाचला असला तरी. आताच्या जीए-फोरमध्ये, म्हणजे त्याच्या नव्या आवृत्तीत, हिशेब वेगळा आहे : दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा दुसरं पान उघडलं, किंवा तुम्ही महत्त्वाची म्हणून नोंदवलेली एखादी कृती केली, तर ती भेट धरली जाते, उरलेले बाउन्स. तेव्हा चार वर्षांपूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून घसरलं, वाढलं असं म्हणता येणार नाही. आणि किल्ल्यांच्या साइटवर दहा सेकंदांत गेलेला प्रत्येक माणूस वैतागून गेला असंही नाही. गाडी कुठे लावायची एवढंच हवं होतं, ते वरच्या वर मिळालं, गेला. तो पुढच्या वेळी तुमचं नाव बघून पुन्हा येईल. ललित लेखांच्या साइटला हाच आकडा आला असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. तिथे माणूस वाचायलाच आलेला असतो, इथे तो शनिवारी पहाटे निघायचं म्हणून शुक्रवारी रात्री अकराला शोधतोय.

पहिल्या छापेचा विषय निघाला की पन्नास मिलिसेकंदांत माणूस पानाबद्दल मत बनवतो असं सांगणारं एक संशोधन हमखास तुमच्या तोंडावर मारलं जातं. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या गिट्टे लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांचं ते काम, २००६ सालचं, आणि चांगलं काम आहे. पण त्यात लोकांना पानांची चित्रं क्षणभर दाखवून ती कितपत आकर्षक वाटली एवढंच विचारलं होतं. कामासाठी आलेला माणूस पानावर टिकतो का, हा प्रश्न त्यात नव्हताच. तुमच्या उपयोगाचं निरीक्षण २०११ मधलं आहे. साइट वापरायला किती सोपी यावर काम करणारे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांच्या आकडेवारीवरून मांडलं होतं की पान सोडून जाण्याचा धोका पहिल्या दहा सेकंदांत सगळ्यात मोठा असतो आणि वाचक त्यापुढे टिकला की तो धोका कमी होत जातो. म्हणजे दहा सेकंदांत वाचकाची खात्री पटायला हवी की मला हवं ते इथे आहे, आणि सांगणारा तिथे जाऊन आलेला आहे. बाकी सगळं त्यानंतर.

आता तुमच्या राजगडच्या लेखात फोनच्या पहिल्या पडद्यावर काय दिसतं? वरती साइटचा मथळा, त्याखाली सूर्योदयाचा मोठा फोटो, मग एक जाहिरात, मग लेखाचा पहिला परिच्छेद. तो असा सुरू होतो : 'महाराष्ट्र म्हटलं की डोळ्यांसमोर उभे राहतात ते सह्याद्रीच्या कुशीत वसलेले, स्वराज्याच्या इतिहासाची साक्ष देणारे अभेद्य गडकोट.' राग मानू नका, पण हे वाक्य मी शेकडो साइटींवर वाचलंय. ते तोरण्यावरच्या लेखालाही चालेल, साल्हेरच्या लेखालाही चालेल, शालेय निबंधालाही चालेल. शुक्रवारी रात्री शोधणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. तो अंगठ्याने एकदा वर सरकवतो, पुन्हा इतिहासच दिसतो, मागे जातो.

त्याऐवजी असं काही लिहून बघा : 'राजगडाला जाण्याच्या दोन वाटा रुळलेल्या आहेत. गुंजवण्याहून चोर दरवाज्याची वाट चढाची. शेवटी कातळाचा टप्पा आहे, तिथे रेलिंग लावलेलं आहे. पालीची वाट पायऱ्यांची, पाली दरवाज्यातून वर नेणारी. सोबत लहान मुलं किंवा गुडघ्यांनी त्रस्त मंडळी असतील तर हीच धरा. दोन्ही वाटा पद्मावती माचीवर येतात. चढायला अडीच तास हाताशी ठेवा. बालेकिल्ला वेगळा आणि तोही उभा, त्याचा वेळ निराळा धरा.' यात अलंकार नाही, पण वाचणाऱ्याला लगेच कळतं की हा माणूस दोन्ही वाटांनी गेलाय. इतिहास काढून टाका असं मी म्हणत नाही. शिवाजी महाराजांची राजधानी रायगडाला जाण्याआधी वर्षानुवर्षं इथे होती, हे यायलाच हवं, आणि सुवेळा आणि संजीवनी माचीच्या बांधणीवर तुम्ही जे लिहिलंय ते तर फार चांगलं आहे. संजीवनीच्या दुहेरी तटाचं वर्णन वाचताना मी स्वतः थांबलो. फक्त ते पाचव्या परिच्छेदाच्या खाली पुरलंय आणि वर गुळगुळीत वाक्यं आहेत. तुमचा खास ऐवज वर आणा.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 'मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून बारा किल्ले आले : महाराष्ट्रातले साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी. तेव्हापासून या नावांनी शोधणारे सगळेच काही ट्रेकर राहिलेले नाहीत. आईवडिलांना घेऊन जाणारे आहेत, शाळेची सहल नेणारे मास्तर आहेत, पुण्यामुंबईला सुट्टीवर आलेले परदेशातले मराठी लोक आहेत. त्यांना 'माची' आणि 'बालेकिल्ला' हा फरकही माहीत असेलच असं नाही. या बारांपैकी ज्यांवर तुमचे लेख आहेत त्यांचे पहिले परिच्छेद आधी हाती घ्या.

शीर्षकाचंही तेच. तुमचं शीर्षक आहे 'गडांचा राजा, राजांचा गड'. ऐकायला छान, पण ते जवळजवळ प्रत्येकाने वापरून झालंय आणि गूगलच्या यादीत सात दुव्यांमध्ये ते बघून कुणाला काही ठरवता येत नाही. 'राजगड : गुंजवणे आणि पाली वाटा, पाणी, वेळ' असं लिहिलंत तर शोधणाऱ्याला त्याचे शब्द दिसतात. हवं तर कवित्व आतल्या मथळ्यात ठेवा. आणि पानाचा पत्ता, यूआरएल, रोमन लिपीतच राहू द्या. देवनागरी पत्ता कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची आणि अक्षर-आकड्यांची हातभर माळ होते आणि लोकांना वाटतं हा काहीतरी फसवा दुवा आहे. जुन्या लेखांचे पत्ते मात्र हौसेने बदलू नका. बदललेच तर जुन्या पत्त्यावर येणारा आपोआप नव्याकडे जाईल असं वळवणं (रीडायरेक्ट) लावा, नाहीतर गूगलवरची चार वर्षांची कमाई जाईल.

आता ज्याबद्दल मराठीत कुणी फारसं बोलत नाही ते : अक्षर. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये 'राजगड'ची शिरोरेषा तुटलीय. रा, ज, ग, ड सुटे सुटे उभे आहेत. हे तुमच्या डोळ्यांना सवयीने दिसत नसेल, पण नव्या माणसाला काहीतरी खटकतं. काय ते त्याला सांगता येत नाही, साइट कच्ची वाटते एवढंच. कारण साधं आहे. थीम रोमन लिपीसाठी बनवलेली, तिच्या मथळ्यांना 'लेटर-स्पेसिंग', म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर, एक-दोन पिक्सेल दिलेलं असतं. इंग्रजी अक्षरं त्याने ऐसपैस दिसतात. देवनागरीत मात्र रेष तुटते. वर्डप्रेसच्या 'अॅडिशनल सीएसएस' या रकान्यात मथळ्यांचं लेटर-स्पेसिंग शून्य करा, एका ओळीचं काम आहे. वीस हजारांची नवी थीम घेतलीत तरी ती बहुतेक परदेशातच बनलेली असणार आणि तिच्यातही हेच निघणार.

मजकुराच्या ओळींमधलं अंतरही (सीएसएसमधली 'लाइन-हाइट') कमी आहे, १.४ असावं. इंग्रजीला ते पुरतं. आपल्याकडे वर रफार, वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. दोन ओळी एकमेकींत घुसतात. १.७ किंवा १.८ करा. अक्षर निदान १८ पिक्सेल ठेवा आणि रंग काळ्याच्या जवळचा. फिकट राखाडी रंगात बारीक वजनाचं अक्षर डिझायनरच्या मोठ्या पडद्यावर खुलून दिसतं. पायथ्याच्या गावात भर उन्हात फोन डोळ्यांजवळ धरणाऱ्याला ते वाचता येत नाही. परिच्छेद दोन्ही बाजूंनी ताणून बसवलेत, ते डावीकडे लावून सोडा. 'बालेकिल्ल्यावरच्या' असा लांब शब्द खालच्या ओळीत गेला की वरच्या ओळीत भगदाडं पडतात, आणि फोनच्या अरुंद रकान्यात असे शब्द जागोजागी येतात.

फॉन्ट कोणता? अँड्रॉइड फोनमध्ये नोटो सान्स देवनागरी बहुतेक असतोच, वेगळा काही लोड न करता त्यावर भागवलंत तरी चालेल. वेगळा हवाच असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता घ्या, किंवा पुस्तकासारखा चेहरा आवडत असेल तर टिरो देवनागरी मराठी. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. मुक्ताची मात्र दोनच वजनं घ्या, साधं आणि ठळक; टिरोत ठळक वजन नाहीच. जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या फाइली रोमनपेक्षा जड असतात. पाच वजनं लादलीत की सगळं रखडतं. 'फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप' लावा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरांत मजकूर दिसत राहील. नाहीतर फॉन्ट उतरेपर्यंत तीनेक सेकंद कोरं पान दिसू शकतं, आणि आपल्या हातात आहेत दहा.

आणखी दोन बारीक गोष्टी. पानाची भाषा सेटिंग्जमध्ये इंग्रजी राहिलेली असते, ती मराठी करा. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतात, ते भाषा मराठी असेल तरच उमटतात; शिवाय डोळ्यांनी न वाचू शकणाऱ्यांच्या फोनवर वाचून दाखवणाऱ्या अॅपलाही कळतं की हे मराठीत वाचायचंय. दुसरं, तुमचे जुने लेख श्रीलिपी या जुन्या टंकपद्धतीतून युनिकोडमध्ये आणलेले दिसतात. एका ठिकाणी 'पायर्या' झालंय, 'दर्या' झालंय. किल्ल्यांच्या लेखात हे दोन शब्द दर परिच्छेदाला येणारच, तेव्हा शोधून एकदम बदलून टाका. मात्र एखाद्या जलदुर्गाच्या लेखात खरोखरचा दर्या असेल तर तो बदलला जाणार नाही याकडे लक्ष ठेवा.

फोटोंवर येऊ. फोटो फोनमधून जसेच्या तसे चढवलेले असणार. प्रत्येक चार-पाच एमबीचा. लेखात असे दहा असतील तर कमी रेंजमध्ये ते पान उघडणं अवघडच. रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, वेबपी स्वरूपात साठवा, शे-दीडशे केबीत काम होतं. गूगलचं मोजमाप असं आहे की पहिल्या पडद्यावरचा सगळ्यात मोठा घटक, म्हणजे तुमच्याकडे तो वरचा फोटो, अडीच सेकंदांत दिसायला हवा. पेजस्पीड इनसाइट्स या फुकटच्या साधनावर राजगडच्या लेखाचा पत्ता टाका, आकडा समोर येईल. आणि 'लेझी लोडिंग', म्हणजे वाचक जवळ आल्यावरच फोटो उतरवणं, सरसकट लावू नका. खालच्या फोटोंना ठीक आहे, पण वरच्याच फोटोला लावलं तर तो उगाच उशिरा येतो. मुख्य पानावरचा सरकत्या फोटोंचा पट्टा तर काढूनच टाका. दुसरा फोटो येईपर्यंत तिथे कुणी थांबत नाही, मात्र पाचही फोटो उतरवून घेतले जातात.

वर कोणता फोटो ठेवायचा हा तर मजकुराइतकाच महत्त्वाचा निर्णय. सूर्योदय कुठल्याही किल्ल्यावरून सारखाच दिसतो. चोर दरवाज्याआधीचा कातळ, रेलिंग आणि त्यावर एक माणूस, असा फोटो टाका. तो बघून आई ठरवते की पोराला न्यायचं की नाही. आणि फोटोच्या मधोमध साइटचं नाव तिरकं छापलंय, ते कोपऱ्यात न्या. चोरणारा चोरतोच, बघणाऱ्याचा मात्र रस जातो.

एवढ्यावर वाचक आत येतो. आता त्याला अडवणाऱ्या गोष्टी काढा. पान उघडल्या उघडल्या तुमच्याकडे तीन गोष्टी पुढे येतात : सूचना पाठवू का, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला या, आणि ईमेल द्या. अजून एक ओळ वाचली नाही तोवर ईमेल कुणी का द्यावा? सूचनांची परवानगी एकदा नाकारली की क्रोम पुन्हा सहजासहजी विचारू देत नाही, म्हणजे घाईने विचारून तुम्ही कायमचा नकार पदरात पाडून घेताय. मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा पडद्यांमुळे गूगल जानेवारी २०१७ पासून क्रमवारीतही हात आखडता घेतं. ग्रुपचं आमंत्रण लेखाच्या शेवटी टाका. तिथवर आलेला माणूस खुशीने येतो.

जाहिरात पहिल्या परिच्छेदाच्या वर नको, तिसऱ्याच्या खाली चालेल, आणि तिच्यासाठी जागा आधीच राखून ठेवा. वाचता वाचता मजकूर धप्पकन खाली सरकतो, बोट भलत्याच ठिकाणी पडतं, जाहिरात उघडते. त्या क्लिकचे चार पैसे मिळतात आणि वाचक जातो.

मजकूर कॉपी होऊ नये म्हणून तुम्ही निवडणं बंद केलंय, हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही. मराठी साइटींवर हा रोगच आहे. अहो, त्या माणसाला 'गुंजवणे' हे नाव उचलून मॅप्समध्ये टाकायचंय! त्याला तेवढंही करू देत नाही आणि वर म्हणता छाप पडत नाही. ज्याला अख्खा लेख उचलायचाय तो पाच सेकंदांत तुमचं कुलूप काढतो. (पान उघडताच पोवाडा सुरू व्हायची एक पद्धत होती, ती क्रोमनेच २०१८ मध्ये आपोआप वाजणाऱ्या आवाजाला बांध घालून बंद पाडली. नाहीतर तेही लिहावं लागलं असतं.)

भरवशाचं बोलू. किल्ल्याच्या माहितीत वाचक सगळ्यात आधी काय तपासतो? तारीख. तुमच्या लेखावर तारीखच नाही. कुणीतरी सांगितलं असेल की तारीख काढली की लेख सदाबहार वाटतो. बातम्यांना किंवा पाककृतींना काय लागू पडतं ते असो, वाटेला हे लागू पडत नाही. मार्चमध्ये टाक्यात पाणी होतं की नव्हतं, रस्ता कुठवर झालाय, गेल्या पावसाळ्यात दरड आली का, हे सगळं तारखेवर आहे. शीर्षकाखाली एक ओळ घाला : लेखकाचं नाव, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वाटेने चालून लिहिलंय, शेवटचं कधी तपासलं. एखादी वाट स्वतः केली नसेल तर तसं लिहा. 'नळीच्या वाटेने मी गेलेलो नाही, खाली दिलेलं गेलेल्या मित्रांकडून' असं हरिश्चंद्रगडाच्या लेखात आलं, तर खिरेश्वर आणि पाचनईच्या वाटांवर तुम्ही जे सांगताय त्याचं वजन वाढतं. 'आमच्याविषयी' पानावर 'आम्ही दुर्गप्रेमींसाठी घेऊन आलो आहोत' छापाचं काही नको. तुम्ही कोण, कुठले, किती वर्षं फिरताय, आणि सॅक पाठीवर असलेला एखादा फोटो. स्टुडिओतला नको.

व्हॉट्सअॅपवर दुवा टाकल्यावर जो चौकोन दिसतो, ती तर साइट उघडण्याआधीची छाप. तुमचा दुवा स्वतःलाच पाठवून बघा. बहुतेक तिथे साइटचा लोगो येत असेल, कारण लेखाला वेगळं चित्र नेमलेलं नाही. १२०० बाय ६३० पिक्सेलचं आडवं, हलकं चित्र प्रत्येक लेखाला लावा. जड असेल तर ते दिसतच नाही. आणि खालच्या वर्णनात लेखाचा पहिला परिच्छेद आपोआप येऊ देऊ नका, दोन ओळी हाताने लिहा.

वाचलेला माणूस पुढे कुठे जाणार हेही बघा, पण त्यासाठी मेन्यूवर भिस्त नको; फोनवर त्या तीन आडव्या रेघा फार थोडे लोक दाबतात. लेखाच्या शेवटी 'संबंधित लेख' म्हणून नऊ चौकोन येतात, त्यांच्याऐवजी एक वाक्य लिहा : संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाता येतं, त्या लांबच्या ट्रेकचा लेख हा. राजगड वाचणाऱ्याला साहजिकच हाच पुढचा प्रश्न पडतो.

एवढं सगळं एका रात्रीत होणार नाही, आणि गरजही नाही. आज रात्री फक्त लेटर-स्पेसिंग, ओळींचं अंतर, ते तीन पडदे आणि कॉपीचं कुलूप एवढं उरका; तासाभराचं काम आहे. पुढच्या आठवड्यात फोटो. मग लँडिंग पेजच्या यादीतले पहिले वीस लेख, रोज एक, पहिला परिच्छेद आणि शीर्षक. प्रत्येकाला हात लावण्याआधी सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात जाऊन बघा की त्या पानावर लोक नेमके काय शोधत आले. बऱ्याचदा तो प्रश्न आणि आपण समजून चाललेला प्रश्न वेगळे निघतात. उरलेल्या ऐंशी लेखांना सध्या हात लावू नका. तपासताना लॅपटॉपवर, घरच्या वायफायवर बघू नका. घरात एखादा तीन-चार वर्षं जुना अँड्रॉइड पडला असेल तर त्यावर, मोबाइल डेटावर, इनकॉग्निटोमध्ये बघा. तुमच्याकडे परदेशातून लॅपटॉपवर वाचणारे बरेच असतील तर त्यांच्यासाठी ओळीची लांबी आटोक्यात आहे ना एवढं पाहा, बाकी सगळं तसंच.

लोगोचं राहिलं. डोंगर, तलवार, भगवा आणि मागे उगवता सूर्य असा तो आहे. गूगलच्या निकालांत साइटच्या नावाशेजारी जे इवलंसं चिन्ह दिसतं, तिथे हे सगळं मिळून एक लालसर ठिपका होतो. त्या जागेसाठी साइटच्या नावाचं एकच ठळक अक्षर, सपाट रंगावर, चौकोनी आणि ४८ पिक्सेलपेक्षा मोठं करून लावा. मोठा लोगो आहे तसा राहू द्या.

बदल केल्यावर राजगडच्या लेखाचे आधीचे आणि नंतरचे आकडे इथे टाका, बघून सांगतो. निदान सहा आठवडे जाऊ द्या. आणि जुलैतले आकडे एप्रिलशी ताडून बघू नका. गेल्या वर्षीच्या जुलैशी बघा, कारण पहिला पाऊस पडला की निम्मा पुणे जिल्हा किल्ले शोधायला लागतो आणि ते श्रेय तुमच्या पहिल्या परिच्छेदाचं नसतं.